वंध्यत्व : दोष कोणाचा?

ग्वाल्हेर, बडोदे, झांशी, सातारा ह्या मराठी गाद्यांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे, त्यांना एक गोष्ट खचितच जाणवली असेल. ह्या घराण्यांच्या वंशावळींत औरस पुत्रांच्या बरोबरीने दत्तकांची नावे जागोजाग येतात. ग्वाल्हेरचेच पाहा. महादजी शिंदे १७९४ साली पुण्यानजीक वानवडीस वारले, तेव्हा गादीवर आले ते त्यांच्या बंधूंचे नातू दौलतराव. दौलतराव १८२७ साली वारले. त्यांनाही पुत्र नव्हता, म्हणून बायजाबाईंनी जनकोजीरावांस दत्तक घेतले. जनकोजीराव १८४३ साली ऐन तारुण्यात निवर्तले. त्यांच्यामागे राहिलेल्या ताराबाई स्वतःच अजून बाल्यातून पुरत्या बाहेर पडल्या नव्हत्या. त्या बालविधवेच्या मांडीवर जयाजीराव दत्तक दिले गेले. बडोद्यास मल्हारराव पदच्युत झाल्यावर १८७५ साली खंडेरावांच्या विधवा जमनाबाई ह्यांनी नाशिककडच्या कवळाणे गावातील गोपाळ नावाच्या मुलास दत्तक घेतले. तेच पुढे सयाजीराव महाराज म्हणून विख्यात झाले. सातारच्या गादीचा दत्तक कंपनी सरकारने १८४८ साली नाकारला, आणि झांशीचा १८५४ साली. झांशीच्या त्या नकाराचे पर्यवसान कशात झाले, हे शाळेतल्या मुलासही ठाऊक आहे.

ह्या प्रत्येक प्रसंगी दरबारात, रेसिडेन्सीत आणि कलकत्त्याच्या कौन्सिलात कागदांचे ढीग पडले. गादीचा वारस कोण, दत्तक शास्त्रोक्त की अशास्त्रोक्त, ह्यावर पानेच्या पाने लिहिली गेली. परंतु मूल का झाले नाही, हा प्रश्न राजकारणाला पडण्याचे कारण नव्हते. महादजींना बाळाबाई नावाची कन्या होती, ग्वाल्हेरकरांस तिचे नाव अजून परिचित आहे. पण वारसाच्या हिशेबात मुलगी धरली जात नसे. म्हणजे पुष्कळदा ज्याला आपण वंध्यत्व समजतो, ते निव्वळ पुत्राचा अभाव एवढेच असे. दत्तकाने गादीची सोय झाली. कारणाचा शोध मात्र कोणी घेतला नाही.

राजवाड्याबाहेर, सामान्यांच्या घरात, हा प्रश्न विचारला जाई आणि त्याचे उत्तरही ठरलेले असे. मूल नाही, म्हणजे बायको वांझ. आज मला आपणांपुढे ह्या ठरलेल्या उत्तराचा इतिहास मांडावयाचा आहे. ते उत्तर कोठून आले, ते खोटे कसे ठरले, आणि ते खोटे ठरल्यामुळे उपचाराच्या कोणत्या वाटा उघडल्या, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपली भाषाच प्रथम तपासून पाहू. ‘वांझ’ हा शब्द आपण स्त्रीला लावतो, गाईला लावतो, झाडालाही लावतो. परंतु पुरुषाला लावीत नाही. पुरुष फार तर ‘निपुत्रिक’ होतो. त्या शब्दात कणव आहे, शिवी नाही. अपत्यहीन स्त्रीला कोणी डोहाळजेवणाला बोलावीत नसे, बारशाला पाळण्याची दोरी तिच्या हाती देत नसे, ओटी भरण्याच्या वेळी तिला मागे सारण्यात येई. नवस बोलायचा तो तिने, उपास करायचे ते तिने, पिंपळाला प्रदक्षिणा घालायच्या त्याही तिनेच. रोग कोणाचा हे न ठरवताच औषध मात्र एकीलाच दिले जात होते.

माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात दोन वृद्ध बायका राहत. आम्ही मुले त्यांना थोरल्या काकू आणि धाकट्या काकू म्हणत असू. थोरल्या काकूंना मूल होईना म्हणून काकांनी दुसरे लग्न केले, ही हकीकत वाड्यात सर्वांना ठाऊक होती. धाकट्या काकूंनाही मूल झाले नाही, हेही सर्वांना ठाऊक होते. तरीसुद्धा ‘दोघीही वांझ निघाल्या, बिचाऱ्या काकांचे नशीब!’ असेच सारे म्हणत. दोन निराळ्या घरांतून आलेल्या दोन निराळ्या स्त्रिया, आणि दोहोंत समान असलेला पुरुष एकच. हे साधे गणित त्या वाड्यात कोणाला सुचले नाही. खुद्द त्या दोघींनाही सुचले असेल असे वाटत नाही; आणि सुचले असले, तरी ते उच्चारण्याची त्यांना मुभा नव्हती.

ह्या आंधळेपणाला धर्मशास्त्राचा आणि कायद्याचा टेका होता. मनुस्मृतीने वंध्या स्त्री असता आठव्या वर्षी, आणि केवळ मुलीच होत असतील तर अकराव्या वर्षी, दुसरी बायको करण्यास अनुज्ञा दिली आहे. हा विचार केवळ प्राचीन काळचा समजू नये. गोव्यातील हिंदूंच्या रूढींविषयी पोर्तुगीज सरकारने १८८० साली जो हुकूमनामा काढला, त्यात पत्नीला पंचवीस वर्षे होईपर्यंत अपत्य न झाल्यास हिंदू पुरुषाला दुसऱ्या विवाहाची मोकळीक नमूद आहे. युरोपातील राज्यकर्त्यांनीही ती तशीच लिहून घेतली. पतीची तपासणी करावी, असे ह्यांपैकी कोणीही म्हटले नाही.

मग पुरुषात उणेपणा असू शकतो हे आपल्या पूर्वजांस ठाऊकच नव्हते काय? तसेही म्हणता येत नाही. महाभारताची सारी कथाच ह्या उणेपणावर उभी आहे. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला, पंडू शापामुळे संततीस असमर्थ ठरला, आणि कुरुकुळ नियोगाने चालले. त्या कथेत अंबिका, अंबालिका अथवा कुंती ह्यांना वांझ कोणी म्हटलेले नाही. आयुर्वेदाची दृष्टी तर ह्याहूनही स्वच्छ होती. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भधारणेला चार गोष्टींचा संयोग लागतो असे सांगितले आहे: ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज. योग्य काळ, निर्दोष गर्भाशय, पोषक रस आणि सकस बीज, असा त्यांचा स्थूल अर्थ. शेतकऱ्याला सहज पटावा असाच हा दृष्टान्त आहे. त्याच ग्रंथातील एका अध्यायात प्रथम पुरुषाच्या शुक्राचे दोष सांगितले आहेत आणि मग स्त्रीच्या आर्तवाचे. वाजीकरण हे तर आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक स्वतंत्र अंगच होय. सारांश, वैद्याच्या पोथीत दोष दोघांत वाटलेला होता. घराच्या उंबऱ्याआत मात्र तो एकीच्याच पदरात पडला.

युरोपातही ह्याहून फार निराळे घडले नाही. हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहुक ह्या कापडविक्या गृहस्थाने स्वतः घासलेल्या भिंगातून १६७७ साली पुरुषाच्या वीर्यात वळवळणारे जंतू पाहिले आणि लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्राने कळविले. मोठाच शोध हा. परंतु त्याचा पहिला परिणाम विपरीत झाला. ह्या जंतूतच संपूर्ण मनुष्य सूक्ष्म रूपाने बसलेला असतो, स्त्री ही केवळ ते बी रुजण्याची माती, असे काही पंडित म्हणू लागले. १६९४ साली हार्टसूकर ह्या शास्त्रज्ञाने शुक्रजंतूच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या इवल्या माणसाचे चित्रही काढून दाखविले. पीक आले तर श्रेय बियाचे, न आले तर दोष मातीचा, असा हा न्याय झाला.

स्त्रीचे बीज दृष्टीस पडायला त्यानंतर दीड शतक लागले. ज्या १८२७ साली ग्वाल्हेरात दौलतराव शिंदे पुत्रावाचून वारले, त्याच साली प्रशियातील क्योनिग्सबर्ग येथे कार्ल अर्न्स्ट फोन बेअर ह्यांना कुत्रीच्या बीजकोशात सस्तन प्राण्याचे अंडे प्रथम दिसले. आणि ज्या १८७५ साली जमनाबाईंनी सयाजीरावांना दत्तक घेतले, त्याच्या पुढच्याच वर्षी ऑस्कर हर्टविग ह्यांनी समुद्रातील एका काटेरी जीवाच्या अंड्यात नराचे आणि मादीचे केंद्रक एकमेकांत मिसळताना पाहिल्याचे प्रसिद्ध केले. अपत्य हे दोघांचे मिळून होते, ही गोष्ट तेव्हा कोठे डोळ्यांनी पाहून सिद्ध झाली. अपत्य जर दोघांचे, तर अपत्याचा अभावही दोघांपैकी कोणाचाही असू शकतो, हा निष्कर्ष त्यातून आपोआप निघत होता.

परंतु निष्कर्ष निघणे वेगळे आणि तो मानणे वेगळे. १८८४ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या जेफर्सन मेडिकल कॉलेजात डॉक्टर विल्यम पॅनकोस्ट ह्यांच्याकडे एक सुखवस्तू जोडपे आले. मूल होत नाही ही तक्रार. वैद्यांनी रिवाजाप्रमाणे पत्नीची कसून तपासणी केली. तिच्यात काहीच दोष सापडेना. मग पतीचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात शुक्रजंतू एकही नव्हता. तारुण्यातील एका गुप्तरोगाचा तो परिणाम होता. काही काळ औषधे झाली, गुण आला नाही. तेव्हा डॉक्टरांनी त्या स्त्रीला तपासणीच्या निमित्ताने बोलावून क्लोरोफॉर्म दिला, आणि वर्गातील एका विद्यार्थ्याचे वीर्य पिचकारीने तिच्या गर्भाशयात सोडले. तिला मुलगा झाला. पतीला मागाहून खरे सांगण्यात आले. पत्नीला सांगू नये, अशी त्याने विनंती केली, आणि तिला ते कधीच कळले नाही. त्या वेळी हजर असलेल्या एका विद्यार्थ्याने १९०९ साली ही हकीकत एका वैद्यकीय मासिकात छापली, तेव्हा जगाला ती समजली. ज्ञान आले होते, उपायही आला होता. पण ते तिच्यापासून लपवून तिच्याच देहावर वापरले गेले. विज्ञानाने सत्य शोधल्याने न्याय आपोआप होत नाही, ह्याचे ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

विसाव्या शतकात मात्र तपासणीचे शास्त्र झपाट्याने वाढले. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या इझिडोर रुबिन ह्यांनी गर्भाशयातून वायू सोडून बीजवाहक नळ्या मोकळ्या आहेत की बंद, हे पोट न फाडता ओळखण्याची रीत बसविली. त्याच दशकात जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस ह्यांनी, एकमेकांच्या संशोधनाची माहिती नसताना, स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते असे दाखवून दिले. तोवर मोठमोठे डॉक्टरही पाळीच्या आगेमागेचे दिवस गर्भधारणेस अनुकूल मानीत. म्हणजे कित्येक पिढ्यांतील जोडप्यांना चुकीचेच दिवस सांगितले गेले होते!

पुढे संप्रेरकांचा शोध लागला. बीज पिकविणारी ही संप्रेरके पाळी गेलेल्या वृद्ध स्त्रियांच्या मूत्रात विपुल असतात असे आढळून आले. एवढे मूत्र मिळावे कोठून? इटलीतील मठांतून राहणाऱ्या वृद्ध जोगिणींनी ते दिले. त्यापासून केलेल्या औषधाने १९६२ साली इस्राएलमध्ये पहिले मूल जन्मास आले. आजन्म ब्रह्मचर्य पाळणाऱ्या स्त्रियांच्या साहाय्याने अपत्यहीन स्त्रियांची कूस उजवावी, ही इतिहासातील एक गोड घटना म्हणावी लागेल. त्याच दशकात बीज सुटण्यास मदत करणारी क्लोमिफेनची गोळी निघाली. ती आजही वापरात आहे.

बीजवाहक नळ्याच कायमच्या बंद असतील तर काय? बीज पिकले तरी त्याची शुक्रजंतूशी गाठ पडणार कशी? ह्या प्रश्नातून टेस्ट ट्यूब बेबीची कल्पना निघाली. बीज शरीराबाहेर काढावे, काचपात्रात त्याचा शुक्रजंतूंशी संयोग घडवावा, आणि तयार झालेला गर्भ गर्भाशयात ठेवावा. १९४४ साली बॉस्टनमध्ये जॉन रॉक ह्यांच्या सहकारी मिरिअम मेन्किन ह्यांनी सहा वर्षांच्या अपयशानंतर काचपात्रातील मानवी बीज फळलेले प्रथम पाहिले. त्यानंतर इंग्लंडमध्ये शरीरशास्त्रज्ञ रॉबर्ट एडवर्ड्‌स, शल्यविशारद पॅट्रिक स्टेप्टो आणि परिचारिका म्हणून शिक्षण घेतलेल्या जीन पर्डी ह्या तिघांनी दहा वर्षे खपून २५ जुलै १९७८ रोजी ओल्डहॅम येथे लुईझ ब्राउन ह्या मुलीचा जन्म घडवून आणला. तिच्या आईच्या नळ्या बंद होत्या आणि नऊ वर्षे ती मुलाची वाट पाहत होती. एडवर्ड्‌सना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले; तोवर स्टेप्टो आणि पर्डी दोघेही हयात नव्हते. पर्डीबाईंचे नाव तर रुग्णालयाच्या स्मारकफलकावरही प्रथम कोरले गेले नाही, आणि ते असावे म्हणून एडवर्ड्‌सनी आग्रह धरला होता.

लुईझनंतर अवघ्या सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, कलकत्त्यात अशीच एक मुलगी जन्मली. वृत्तपत्रांनी तिला ‘दुर्गा’ म्हटले. हे कार्य डॉक्टर सुभाष मुखोपाध्याय आणि त्यांचे दोन सहकारी ह्यांचे. त्यांच्याजवळ इंग्लंडसारखी साधने नव्हती. तरीही संप्रेरके देऊन अनेक बीजे मिळविणे, आणि गर्भ गोठवून ठेवून पुढच्या एखाद्या पाळीत गर्भाशयात ठेवणे, ह्या दोन गोष्टी त्यांनी तेव्हाच केल्या होत्या. आज जगभर नित्याच्या झालेल्या ह्या रीती ओल्डहॅमच्या प्रयोगातही नव्हत्या.

परंतु सरकारने नेमलेल्या चौकशी समितीने त्यांचा दावा मानला नाही. जपानमधील परिषदेत निबंध वाचण्यास जाण्याची त्यांना परवानगी मिळाली नाही. मुलीचे आईबापही लोकलज्जेस्तव पुढे येण्यास राजी नव्हते. १९८१ साली त्यांची बदली नेत्ररोगांच्या संस्थेत करण्यात आली, आणि त्याच वर्षी १९ जूनला त्यांनी आपले जीवन संपविले. अपत्यहीनतेची लाज केवळ स्त्रीचाच बळी घेते असे नाही. ह्या प्रसंगी हयात पुरावा समोर असता तो झाकून राहिला, आणि एक शास्त्रज्ञ खोटा ठरला.

पुढला अध्याय मुंबईचा आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात डॉक्टर इंदिरा हिंदुजा आणि प्रजननसंशोधन संस्थेचे डॉक्टर टी. सी. आनंदकुमार ह्यांच्या प्रयत्नाने एक मुलगी जन्मली. देशातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. येथे आनंदकुमारांच्या थोर मनाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १९९७ साली मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने तपासली, आणि हा मान आपला नसून मुखोपाध्यायांचा आहे, असे स्वतः लेख लिहून जाहीर केले. आपल्या हातचे पहिलेपण एका मृत माणसाला परत देणारी माणसे विद्वानांतही विरळाच आढळतात. कलकत्त्याची ती मुलगीही मोठी झाल्यावर आपण होऊन लोकांसमोर आली.

श्रोतेहो, हा इतिहास सांगितला तो केवळ कुतूहलापोटी नव्हे. त्यातून आजच्या जोडप्याने काय घ्यावे, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बारा महिने नियमित संबंध असून गर्भ राहिला नाही, तर त्यास वंध्यत्व म्हणतात. हा एक शारीरिक विकार आहे. पूर्वजन्मीचे पाप नव्हे. त्याच संघटनेने २०२३ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे जगातील प्रौढांपैकी दर सहांत एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचे कारण एकटे किंवा इतर कारणांच्या जोडीने आढळते. स्त्रीच्या बाजूला बीज वेळेवर न सुटणे, नळ्या बंद असणे, गर्भाशयाचे अस्तर भलत्या जागी वाढणे, कंठग्रंथीचे विकार अशी कारणे असतात. आपल्या देशात गर्भाशयाचा व नळ्यांचा क्षय हे एक लपून राहणारे कारण आहे, हे विशेष ध्यानात ठेवावे. पुरुषाच्या बाजूला शुक्रजंतूंची संख्या किंवा गती कमी असणे, वृषणाच्या शिरा फुगणे, तारुण्यात झालेल्या गालगुंडाने वृषणांना इजा पोचणे ही कारणे दिसतात. शरीर कमावण्याच्या नादात टोचून घेतलेली पुरुषी संप्रेरके शुक्रजंतूंची निर्मिती बंद पाडतात, हेही अलीकडे वारंवार आढळते. काही जोडप्यांत सर्व तपासण्या होऊनही कारण सापडत नाही. तेथे कोणालाच दोष देता येत नाही, ही गोष्ट नातलगांनी विशेषेकरून समजून घ्यावी.

ह्यावरून एक नियम सहज निघतो. तपासणी दोघांची व्हावी, आणि ती एकाच वेळी व्हावी. पुरुषाची वीर्यतपासणी ही साऱ्यांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. तरीदेखील पत्नीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि पतीची ही एवढीशी तपासणी झालेली नाही, अशी घरे आजही आढळतात. ह्याच्या मुळाशी एक गैरसमज आहे. पौरुष आणि प्रजननक्षमता ह्या एकच गोष्टी आहेत असे पुष्कळ पुरुष मानतात. त्या भिन्न आहेत. सर्वस्वी धडधाकट पुरुषाच्या वीर्यातही शुक्रजंतू नसू शकतात, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. शुक्रजंतू तयार होण्यास अडीच-तीन महिने लागतात. म्हणून एका तपासणीवर निकाल न देता ती काही काळाने पुन्हा करतात. मात्र वयाकडे दुर्लक्ष करू नये. स्त्री पस्तिशीपुढे गेली असेल तर वर्षभर न थांबता सहा महिन्यांतच सल्ला घ्यावा, कारण बीजांची संख्या व गुणवत्ता वयाबरोबर घटते आणि गेलेले वय कोणतेही औषध परत आणीत नाही.

उपचारांची पायरी साध्यापासून अवघडाकडे जाते. तंबाखू सोडणे, वजन आटोक्यात आणणे, कंठग्रंथीचा वा क्षयाचा इलाज करणे ही पहिली पायरी. बीज सुटण्यासाठी गोळ्या ही दुसरी. धुऊन निवडलेले शुक्रजंतू योग्य दिवशी गर्भाशयात सोडणे ही तिसरी. त्यानंतर काचपात्रातील गर्भधारणा. १९९२ साली ब्रसेल्स येथे एकच शुक्रजंतू सुईने बीजात टोचण्याची रीत यशस्वी झाल्याचे प्रसिद्ध झाले, आणि ज्यांना पूर्वी आशा नव्हती अशा कित्येक पुरुषांना स्वतःचे अपत्य लाभू लागले. मात्र कोणी हमी देऊ लागला तर सावध राहावे. एकेका खेपेपुरते पाहिले तर यशापेक्षा अपयशच अधिक वेळा पदरी येते, आणि चाळिशीनंतर यशाचे प्रमाण फारच उतरते. खर्च मोठा, शरीराला त्रास मोठा, आणि मनाला त्याहून मोठा. तेव्हा किती खेपा करावयाच्या आणि कोठे थांबावयाचे, हे पतिपत्नींनी आरंभीच शांतपणे ठरवावे. ह्या उपचारांसाठी २०२१ साली स्वतंत्र कायदे झाले आहेत. केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, स्त्रीला बीजदान आयुष्यात एकदाच करता येते, आणि पैसे घेऊन गर्भाशय भाड्याने देण्यास बंदी आहे. फिलाडेल्फियाच्या त्या अभागी स्त्रीला जी लाभली नाही, ती लेखी संमती आज कायद्याने आवश्यक आहे.

आणि उपचारांच्या ह्या साऱ्या वाटांशेजारी दत्तकाची जुनी वाटही आहेच. तीही आता बदलली आहे. पूर्वी दत्तक फक्त मुलाचाच होई. १९५६ च्या कायद्याने मुलगी दत्तक घेता येऊ लागली, आणि अविवाहित स्त्रीलाही स्वतःच्या नावाने दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. पिंडदानासाठी आणि गादीसाठी जे दत्तक होत, ते आता मायेसाठी होतात. त्याचबरोबर, मूल नको असे ठरविणारी अथवा मुलावाचूनच समाधानाने राहणारी जोडपीही असतात. मराठीत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक १९२७ पासून चालविणारे रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांच्या पत्नी मालतीबाई हे असेच जोडपे होते, आणि त्यांचे आयुष्य कोणत्याही अर्थाने निष्फळ नव्हते.

त्या वाड्यातल्या दोन काकू आता नाहीत. थोरल्या काकूंच्या अखेरच्या दिवसांत धाकट्या काकूच त्यांचे सारे करीत. सवतीसवतींनी एकमेकींचा जो सांभाळ केला, तो पोटच्या मुलांनीही क्वचितच केला असता. पण हळदीकुंकवाच्या दिवशी दोघी आपल्या खोलीचे दार लोटून आत बसत, हे मला अजून आठवते. त्यांचा दोष काय होता, हे शोधण्याचे साधन तेव्हाही होते. एक काचपट्टी आणि एक सूक्ष्मदर्शक, एवढेच त्याला लागते. लागत होते ते फक्त काकांनी तपासणीस तयार होणे.

आपल्या घरात, शेजारात, नात्यात असे बंद दार असेल, तर ते उघडावे एवढीच विनंती. तपासणीला दोघांनाही पाठवावे. आणि पुढल्या हळदीकुंकवाला त्या घरच्या सुनेच्या हातून पहिली ओटी भरून घ्यावी.